लगाशचा बांध

इराकच्या दक्षिण भागांत, तैग्रिस आणि युफ्रेटिस ह्या दोन नद्यांच्या मध्यें पसरलेल्या सपाट प्रदेशांत, शत्रा ह्या लहानशा शहराजवळ मातीच्या कांहीं ओबडधोबड टेकड्या आहेत. तेथील लोक त्यांना तेल्लो म्हणतात. इ. स. १८७७ मध्यें बसरा येथील फ्रेंच वकिलातींतील अधिकारी एर्नेस्ट द सार्झेक ह्यानें त्या खणावयास आरंभ केला, त्या वेळीं सुमेर नांवाचें एखादें राष्ट्र खरोखर होऊन गेलें कीं नाहीं, ह्याविषयींच युरोपांतील पंडितांत वाद माजला होता. तेल्लोच्या पोटांतून राजांच्या मूर्ति, कोरीव शिलापट्ट आणि मातीच्या हजारों लेखपट्टिका बाहेर आल्या, आणि वाद घालणारांना पुरावा हातांत घेऊन पाहतां येऊं लागला.

तेल्लो म्हणजे प्राचीन गिर्सु. आरंभीं त्यालाच लगाश समजत असत; परंतु लगाश हें मूळ नगर तेथून आग्नेयेस सुमारें पंचवीस किलोमीटरांवर, अल्-हिबा ह्या टेकाडाखालीं होतें, हें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निश्चित झालें. ह्या दोहोंच्या जोडीला निना हें तिसरें नगर. आणि तिन्ही मिळून जें राज्य झालें त्याचें नांवहि लगाशच. गिर्सुचा देव निन्गिर्सु हा राज्याचा खरा धनी, बाउ ही त्याची पत्नी आणि नान्शे ही बहीण. मनुष्य राजा हा देवाचा केवळ कारभारी, अशी तेथील समजूत होती. ही समजूत पुढील सर्व हकीकतीच्या मुळाशीं आहे. कारण जमीन देवाची म्हटली म्हणजे तिच्यासाठीं भांडणाऱ्याला माघार घेण्याची सोय उरत नाहीं.

सुमेरी लोकांनीं आपल्या राजांची एक प्रसिद्ध यादी करून ठेवली आहे. किश, उरुक, उर, आदाब, इतकेंच काय पण दूरचें मारी, ह्या नगरांचीं राजकुलें तींत आहेत, लगाशचें नाहीं. मागाहून लगाशच्या राजांची एक विडंबनात्मक यादी कोणीं रचली. तींत, प्रलयानंतरच्या त्या काळीं मूल शंभर वर्षें दुपट्यांतच असे, असें मोठ्या गंभीर मुद्रेनें सांगितलें आहे. गंमत ही कीं, ज्या राजकुलाला खऱ्या यादींत जागा मिळाली नाहीं, त्याचाच इतिहास त्या युगांतील इतर राजकुलांपेक्षां अधिक तपशिलानें उपलब्ध आहे. आणि त्या तपशिलाचा मोठा भाग एका शेताच्या बांधाविषयीं आहे.

उम्मा हें शेजारचें राज्य. त्याची राजधानी गिर्सुच्या वायव्येस तीसएक किलोमीटरांवर, म्हणजे चालत्या माणसाच्या एका दिवसाच्या वाटेवर होती. भाषा तीच, लिपि तीच, देवांचा राजा एन्लिल तोच. दोन्ही राज्यांच्या मध्यें गुएदेना नांवाचें सुपीक मैदान होतें. ह्या प्रदेशांत पाऊस नाममात्र. पीक येतें तें कालव्याच्या पाण्यावर. कालव्याच्या वरच्या अंगाला जो बसला त्याच्या हातांत खालच्या शेतकऱ्याची मान असते, हें पाटाच्या पाण्यावर ऊंस काढणाऱ्याला वेगळें सांगावयास नको. उम्मा वरच्या अंगाला होतें आणि लगाश खालच्या.

इ. स. पूर्व २५०० च्या सुमारास उर-नान्शे ह्यानें लगाशच्या राजकुलाची स्थापना केली. आपल्या बापाचें नांव गुनिदु म्हणून तो सांगतो, पण त्याला राजा म्हणत नाहीं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत उर-नान्शेचा एक चौकोनी शिलापट्ट आहे. त्यावर राजा डोक्यावर विटांची पाटी घेऊन उभा आहे. समोर त्याचीं मुलें छातीशीं हात जोडून उभीं आहेत आणि प्रत्येकाचें नांव त्याच्या वस्त्रावरच कोरलें आहे. देऊळ बांधावयाचें तर वीट राजानें वाहावयाची, असा तेथील रिवाज होता. दिल्मुनच्या, म्हणजे आजच्या बहारीनच्या, गलबतांनीं परदेशांतून लांकूड आणून दिलें, असेंहि तो अभिमानानें नमूद करतो. अभिमान साहजिक होता. माती आणि बोरू ह्यांपलीकडे बांधकामाच्या उपयोगाचें सुमेरांत फारसें कांहीं होत नसे.

परंतु सीमेचा तंटा उर-नान्शेहूनहि जुना. तो पूर्वीं किशचा राजा मेसिलिम ह्याच्यापुढें गेला होता. मेसिलिमनें इश्तरन ह्या देवाच्या आज्ञेनें दोरी धरून जमीन मोजली आणि सीमेवर एक शिळा उभारली. दोन राज्यांतील भांडण तिऱ्हाइतानें तोडल्याचीं जीं लिखित उदाहरणें आहेत, त्यांत हें अगदीं पहिलें म्हणावयास हरकत नाहीं. निवाडा पाळला गेला असता तर लगाशचा इतिहास थोडक्यांत आटोपला असता. पुढें उम्माचा अधिपति उश ह्यानें ती शिळा फोडली आणि तो गुएदेनांत उतरला.

उर-नान्शेचा मुलगा अकुर्गल ह्याच्याविषयीं विशेष सांगण्यासारखें नाहीं. नातू इआन्नातुम हा मात्र ह्या कुलांतील सर्वांत पराक्रमी पुरुष. त्यानें उम्माचा पराभव केला आणि त्याचें स्मारक म्हणून चुनखडीच्या दगडाची एक मोठी शिळा उभारली. ‘गिधाडांची शिळा’ ह्या नांवानें ती आज ओळखली जाते. तिचे तुकडेच तेवढे हातीं लागले असून ते लूव्रमध्यें आहेत. शिळेच्या एका बाजूस राजा पुढें आणि मागें त्याचे सैनिक, ढालीला ढाल भिडवून, भाले रोखून, पायांखालीं शत्रूंचीं प्रेतें तुडवीत चालले आहेत. वर गिधाडें तुटलेलीं मुंडकीं चोंचींत धरून उडत आहेत. दुसऱ्या बाजूस राजा नाहीं. तेथें निन्गिर्सु देव स्वतः उभा आहे. त्याच्या हातांत एक मोठें जाळें असून त्यांत उम्माचे लोक मासळीसारखे कोंबले आहेत. एकानें डोकें बाहेर काढलें आहे, त्यावर देवाची गदा पडत आहे. लढाई लढली माणसांनीं, पण दगडावर ती दोन वेळां कोरली गेली, एकदां मर्त्यांची आणि एकदां देवाची. आणि देवाचें चित्र मोठें काढलें आहे. ह्याच लढाईंत इआन्नातुमला बाण लागला आणि तो त्यानें मोडून टाकला, असें शिळेवरील लेखांत आहे.

विजयानंतर त्यानें उम्माच्या अधिपतीकडून देवांच्या जाळ्यांची शपथ घेवविली. एन्लिलचें जाळें, एन्कीचें जाळें, चंद्रदेवाचें जाळें, सूर्यदेवाचें जाळें, असें एकेका देवाचें नांव घेऊन, सीमा ओलांडली तर तें जाळें उम्मावर पडो, असें त्याला म्हणावें लागलें. प्रत्येक शपथेच्या वेळीं डोळ्यांत काजळ घातलेलीं कबुतरें त्या त्या देवाच्या क्षेत्राकडे सोडण्यांत आलीं. देवाला वार्ता पोंचविण्याची ही तऱ्हा मोठी मनोहर खरी. परंतु तिच्या आड जी अट होती ती मनोहर नव्हती.

नवी सीमा आखतांना इआन्नातुमनें कालवा खणला, मेसिलिमची शिळा पुन्हां उभी केली आणि आपलीहि एक तिच्याजवळ लावली. आणि उम्माकडे लगाशच्या देवांचा जव व्याजानें राहिला. लेख त्याला कर्ज म्हणतो. देवाची जमीन कसल्याबद्दल पराभूतावर बसविलेला तो खंडच होता, असें कांहीं विद्वान मानतात. कांहींहि असो, त्यावर व्याज चढत गेलें, व्याजावर व्याज चढत गेलें. जगांतील उपलब्ध लेखांत चक्रवाढ व्याजाचा हा पहिला उल्लेख समजला जातो. मेसोपोटेमियांत धान्याच्या कर्जावर तिसरा हिस्सा व्याज घेण्याची चाल पुढें रूढ होती. त्या दरानें हिशेब केला तर एका मापाचीं दहा वर्षांत जवळजवळ अठरा मापें होतात आणि चाळीस वर्षांत सुमारें एक लाख. लगाशच्या लेखांतील एकूण आंकडा असा आहे कीं, सबंध सुमेरानें अनेक वर्षें पिकवूनहि तो फिटला नसता. मनुस्मृतींत धान्याचें देणें पांचपटीपलीकडे जाऊं नये असा दंडक आहे, आणि रोकड कर्जाला आपल्याकडे दामदुपटीची मर्यादा होती. निन्गिर्सुच्या दरबारीं अशी कोणतीच मर्यादा नव्हती.

पुढची पिढी आली. लगाशच्या गादीवर इआन्नातुमचा भाऊ एनान्नातुम होता, उम्माच्या गादीवर उर्लुम्मा. उर्लुम्मानें सीमेच्या कालव्याचें पाणी वळविलें, शिळांना आग लावून त्या फोडल्या, बांधावरचीं देवांचीं लहान देवळें पाडलीं आणि परदेशी सैनिक भाड्यानें घेऊन तो लगाशवर चालून आला. त्यानें असें कां केलें ह्याचें कारण लगाशचाच लेख देतो, आणि तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे: जव फेडणें त्याला शक्य नव्हतें म्हणून. वादीनें आपल्याच कैफियतींत प्रतिवादीची अडचण लिहून ठेवावी, असा प्रसंग इतिहासांत विरळा.

एनान्नातुम त्याच्याशीं लढला, परंतु विजय मिळाला तो त्याचा मुलगा एन्तेमेना ह्याला. उर्लुम्मा पळाला आणि उम्मांतच मारला गेला. त्याच्या रथांच्या गाढवांच्या साठ जोड्या कालव्याच्या कांठीं मागें राहिल्या, त्याच्या माणसांचीं हाडें मैदानांत विखुरलीं, आणि पांच ठिकाणीं प्रेतांवर मातीचे ढीग रचावे लागले. त्यानंतर इल नांवाचा देवस्थानचा एक कारभारी उम्माचा अधिपति झाला. लढाई करण्यापेक्षां ह्याला पाणी तोडणें अधिक पसंत होतें. जवाच्या त्या अवाढव्य देण्यापैकीं त्यानें अवघीं ३६०० मापें दिलीं. आणि एन्तेमेनाचे दूत विचारावयास आले तेव्हां, सीमेचा कालवा माझा आहे आणि तो मी कोरडा पाडीन, असा उलट निरोप पाठविला.

एन्तेमेनानें ह्यावर जें केलें त्यांत त्याचें खरें शहाणपण दिसतें. वरच्या शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहणें नको म्हणून त्यानें तैग्रिस नदीपासून नवा कालवा काढून सीमेच्या कालव्याला पाणी आणलें. गळ्याभोंवतींचा हात न सोडवितां त्यानें श्वासाचीच दुसरी वाट केली. ह्या कालव्यासंबंधीं याकोब्सेन आणि ॲडम्स ह्या दोन संशोधकांनीं १९५८ मध्यें एक विचार मांडला. तैग्रिसचें मुबलक पाणी शेतांत मुरून जमिनींतील पाण्याची पातळी वर आली, त्याबरोबर क्षार वर आले आणि गव्हाची जागा हळूहळू क्षार सोसणाऱ्या जवानें घेतली, असें त्यांचें म्हणणें होतें. मागाहून इतर विद्वानांनीं त्यावर आक्षेप घेतले आहेत, आणि सगळा दोष एका कालव्याच्या माथीं मारणें बरोबर दिसत नाहीं. तथापि कालव्याच्या टापूंत उगवलेलें मीठ ज्यानें पाहिलें आहे त्याला हा विचार सहज टाकून देतां येणार नाहीं.

आतांपर्यंतची हकीकत मुख्यतः एन्तेमेनानें मातीच्या शंकूंवर लिहविलेल्या लेखांतील आहे. राष्ट्रांच्या तंट्याची मूळापासून सुसंगत हकीकत सांगण्याचा हा फार जुना प्रयत्न. परंतु तो एकाच बाजूचा दावा आहे, हें वाचकानें विसरतां कामा नये. त्यांत उम्माच्या प्रत्येक राजाला नुसता अधिपति म्हटलें आहे. उर्लुम्मा मात्र आपल्या स्वतःच्या लेखांत राजा म्हणवितो. इलच्या मागून उम्माच्या गादीवर आलेल्या गिशाकिदुचाहि एक लेख मिळाला आहे. त्यांत उम्माचा देव शारा ह्याची सीमा कोठून कोठें जाते, तें एकेक स्थळ घेऊन सांगितलें आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना आपापला देव होता आणि आपापली मोजणी होती. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें एन्तेमेनाच्याच काळचा एक सीमास्तंभ आहे. १८५० नंतरच्या दशकांत नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१८ च्या सुमारास, त्यावरील लेखाचें नीट वाचन झालें. त्यांत निन्गिर्सुचें नांव लेखकानें मोठ्या आदरानें, ठळक घडणीचें कोरलें आहे; शाराचें नांव मुद्दाम गिचमिड करून ठेवलें आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या कारकुनाचा द्वेष अजून दगडावर स्पष्ट दिसतो.

एन्तेमेना हा केवळ भांडखोर नव्हता. उरुकच्या राजाशीं त्यानें बंधुत्वाचा करार केला, आणि कर्जापायीं किंवा वेठीला धरल्या गेलेल्या लोकांना मोकळें केलें. निन्गिर्सुला त्यानें वाहिलेलें चांदीचें भांडें, त्यावर सिंहमुखी गरुड कोरलेला, लूव्रमध्यें आहे. त्याचा स्वतःचा एक काळ्या दगडाचा पुतळा बगदादच्या संग्रहालयांत होता. २००३ च्या लुटींत तो नाहींसा झाला, २००६ मध्यें सांपडला आणि २०१० मध्यें स्वस्थानीं परत गेला. पुतळ्याला डोकें नाहीं. तें प्राचीन काळींच गेलें आहे.

त्याचा मुलगा दुसरा एनान्नातुम हा उर-नान्शेच्या निश्चित वंशजांपैकीं शेवटचा. त्यानंतर गादी निन्गिर्सुच्या देवळाच्या पूर्वीच्या प्रमुखाकडे, एनेन्तार्झीकडे, आणि मग लुगलांदाकडे गेली. ह्या वीसएक वर्षांच्या दीड हजारांहून अधिक हिशेबपट्टिका गिर्सु येथें सांपडल्या आहेत. त्या राणीच्या वाड्याच्या आहेत. कोणत्या विणकरणीला किती जव दिला, किती मासळी आली, किती लोंकर वजन करून घेतली, अशा नोंदींनीं त्या भरल्या आहेत. लुगलांदाची राणी बरनमतरा हिनें आदाबच्या राणीशीं भेटींची देवघेव केल्याचीहि नोंद आहे. युद्धाच्या शिळांपेक्षां ह्या पट्टिकांतून राज्य कसें चालत असे तें अधिक कळतें.

इ. स. पूर्व २३५० च्या सुमारास उरुकागिना गादीवर आला, आणि त्यानें एक जाहीरनामा काढला. पूर्वींच्या अंमलांत काय चालत असे त्याची यादीच त्यांत आहे. नावाड्याच्या नांवा, गुराख्याचीं गाढवें, कोळ्याचें मत्स्यस्थान, सर्व कांहीं अधिकाऱ्यांनीं बळकावलें होतें. देवाच्या बैलांनीं राजाच्या लसणीच्या वाफ्यांची नांगरट होई. मेलेल्या माणसालाहि सुटका नव्हती: प्रेत स्मशानांत नेलें कीं अधिकारी सात घडे मद्य आणि ४२० भाकरी घेत. उरुकागिनानें तें तीन घडे आणि ८० भाकरी इतकें कमी केलें. त्यानें तें अजीबात बंद केलें नाहीं, ह्यावरून त्या लोकांचें वजन केवढें होतें तें समजतें. गरिबाच्या घराला लागून बड्या माणसाचें घर असलें आणि त्यानें विकत मागितलें, तर गरिबाला नाहीं म्हणतां यावें, किंवा मनाजोगती किंमत मागतां यावी, असेंहि त्यानें ठरविलें. विधवा आणि पोरकें मूल ह्यांना बलिष्ठाच्या हातीं देणार नाहीं, असा करार त्यानें निन्गिर्सुशीं केला.

हिशेबपट्टिकांकडे पाहिलें म्हणजे ह्या चित्रांत थोडा फरक पडतो. राणीचा वाडा आतां बाउ देवीचा वाडा झाला. परंतु त्याच्या कारभारावर उरुकागिनाची राणी शाशा हीच बसली, आणि वाड्याचा पसारा कमी होण्याऐवजीं वाढला. पदच्युत राजाची राणी बरनमतरा वारली तेव्हां तिचा अंत्यविधि उरुकागिनाच्याच अमदानींत थाटानें झाला. नव्या राजानें जुन्या घराशीं सर्व संबंध तोडला होता असें ह्यावरून दिसत नाहीं. म्हणून त्याला ढोंगी ठरविणें योग्य होणार नाहीं. अन्याय कोणता तें ज्याला इतक्या बारकाईनें लिहितां आलें, त्यानें तो जवळून पाहिला होता हें उघड आहे.

त्याला मिळालीं अवघीं सातआठ वर्षें. उम्माच्या गादीवर आतां लुगलझागिसि होता, आणि तो गुएदेनासाठीं नव्हे, सबंध लगाशसाठीं आला. गिर्सुच्या एका पट्टिकेवर ह्या विध्वंसाची नोंद आहे. कोणत्या देवळाला आग लावली, कोठें रक्त सांडलें, कोठून चांदी आणि मौल्यवान् खडे लुटले, हें एकेक देवळाचें नांव घेऊन लिहिलें आहे. आणि शेवटीं निन्गिर्सुच्या शेतांतील उभा जव उपटून नेल्याचें. नुकसानीची फेहरिस्त करणाऱ्या कारकुनाचा हात ह्या लेखांत दिसतो. परंतु यादी संपल्यावर तो हात थांबत नाहीं. हें पाप उरुकागिनाचें नाहीं, असें तो लिहितो, आणि लुगलझागिसीची देवी निसाबा हिनें तें त्याच्याच मानेवर ठेवावें अशी याचना करतो. पराभव झाला म्हणजे देव कोपला आणि देव कोपला म्हणजे राजानें कांहीं पाप केलें, असें मानणाऱ्या जगांत हें वाक्य लिहावयास धैर्य लागलें असेल.

लुगलझागिसीनें सर्व सुमेर जिंकलें, आणि पुढें अक्कदच्या सार्गोननें त्याला पकडून, मानेंत खोडा घालून, निप्पुर येथें एन्लिलच्या देवळाच्या दारांत नेऊन उभें केलें. त्या स्वारींत ज्या नगरांचे तट पाडले त्यांचीं नांवें सार्गोननें आपल्या लेखांत दिलीं आहेत. त्यांत लगाशचें नांव आहे, आणि उम्माचेंहि आहे.